जानेवारीची भिशी

आमच्या घरी पुस्तकं आली त्याच्या कितीतरी आधी पत्रकं आली. वडील जिनिंग कारखान्यात होते. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून ते संघटनेची पत्रकं लिहायचे आणि छापून आलेला गठ्ठा आमच्या घरात धान्याच्या कोठीवर पडलेला असायचा. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या गठ्ठ्यावर. 'बडतर्फ' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता येत होता. पत्रक कसं लिहायचं याबद्दल वडील फार बोलत नसत, पण एक गोष्ट नेहमी सांगत. पहिल्या दोन ओळींत माणूस उभा कर. मागणी कोणी वाचत नाही, माणसाचं वाचतात.

तीन वर्षांपूर्वी मी यवतमाळहून पुण्याला आले आणि वाघोलीत भाड्याने राहू लागले. आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त भाडेकरू. घरमालक शहरात दुसरीकडे राहतात, त्यांना आम्ही फोनवरच ओळखतो. करार अकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे इथे प्रत्येकाच्या डोक्यातलं वर्षही अकरा महिन्यांचंच असतं. फ्रिज घ्यावा का, भिंतीला खिळा ठोकावा का, मुलाला कुठल्या शाळेत घालावं, सगळं त्या हिशेबाने ठरतं.

माझ्या शेजारच्या घरात अमरावतीकडचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि दहावीतली मुलगी. नवरा रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर होता. पुण्यात अचानक 'का'ऐवजी 'काऊन' ऐकू आलं की आमच्याकडचा माणूस जागीच थांबतो. तशी मी थांबले आणि त्या बाईंना काकू म्हणू लागले. त्यांच्याकडून झुणका यायचा, माझ्याकडून मुलीसाठी निबंध जायचे.

सप्टेंबरात नवऱ्याचं कंत्राट संपलं. तो एका गोदामात रोजंदारीवर जाऊ लागला. ऑक्टोबरपासून भाडं थकलं. हे मला काकूंनी सांगितलं नव्हतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालक येऊन गेला, तेव्हा कळलं. तो पस्तिशीचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माणूस. आवाज न चढवता बोलला. खाली मीटरच्या खोलीत गेला, त्यांच्या घराचा मेन स्विच बंद केला, त्याला छोटं पितळी कुलूप लावलं आणि पंधरा जानेवारीपर्यंत पैसे द्या, नाहीतर डिपॉझिटमधून वळते करतो आणि घर रिकामं करा, असं सांगून निघून गेला.

मी माझ्या घरातून एक्स्टेन्शनची वायर काढून त्यांच्या दारातून आत दिली. एक दिवा आणि एक चार्जर चालेल एवढं. ती वायर व्हरांड्यात आडवी पडलेली असायची आणि येणारे-जाणारे ती ओलांडून जायचे. कोणी काही विचारायचं नाही. मला त्या न विचारण्याचाच जास्त राग आला.

"काकू, हे बेकायदेशीर आहे. भाडं थकलं म्हणून वीज तोडता येत नाही. मी बघते काहीतरी."

काकू तांदूळ निवडत होत्या. "बघ बापा," एवढंच म्हणाल्या.

हा होकार आहे असं मी धरलं.

पत्रक एका दुपारी झालं. "आपल्याच इमारतीत दहावीची एक मुलगी शेजाऱ्यांच्या वायरीवर लावलेल्या दिव्याखाली अभ्यास करते आहे. तिच्या आईवडिलांचं तीन महिन्यांचं भाडं थकलं, हा त्यांचा गुन्हा." अशी सुरुवात होती. पुढे कायदा होता, मालकांना सवाल होता, शेजाऱ्यांना आवाहन होतं. नाव कोणाचंच घातलं नाही, घराचा नंबरही नाही, आणि एवढी काळजी घेतल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. इमारतीत दहावीच्या दोनच मुली आहेत आणि दुसरीच्या बापाचं घर स्वतःचं आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पिवळ्या कागदावर एकशे वीस प्रती काढल्या. संध्याकाळपर्यंत आसपासच्या तीन इमारतींत त्या दाराखालून सरकल्या होत्या. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आला आणि मुकाट्याने कुलूप काढून गेला.

मी पळतच शेजारी गेले. पंखा फिरत होता. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, त्यांच्या हातात माझं पिवळं पत्रक होतं.

"आली ना वीज!" मी म्हणाले.

"वीज आली," त्या म्हणाल्या. "भिशी गेली."

मला समजेना. मग त्यांनी मला सांगितलं, एकेक वाक्य, माझ्याकडे न बघता.

इमारतीतल्या बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याच्या दहा तारखेला प्रत्येकीने पाच हजार द्यायचे, जमलेले साठ हजार एकीने न्यायचे, असं जून ते मे बारा महिने. काकूंचा नंबर खरं तर एप्रिलमध्ये होता. तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईशी अदलाबदल करून त्यांनी तो जानेवारीत घेतला होता. कारण सांगितलं होतं मुलीच्या क्लासच्या फीचं. प्रत्यक्षात दहा तारखेला साठ हजार मिळाले की थकलेलं सगळं भाडं फिटणार होतं, वर जानेवारीचंही निघणार होतं. तीन महिने त्या भाडं न देता भिशीचा हप्ता देत होत्या तो यासाठी. भाडं थकलं तर मालक ओरडेल. भिशी थकली तर नंबर जाईल.

पत्रक वाचून बायका सावध झाल्या होत्या. जिचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय ती साठ हजार घेऊन उद्या गावी निघून गेली तर? भिशीत अशा बाईला शेवटचा नंबर देतात. सगळे हप्ते आधी भरून झाले की मग धोका उरत नाही. काकूंना शेवटचा, मे महिना दिला होता.

"मेमध्ये घेऊन काय करू मी? पंधरा तारखेले घर जाते. पोरीचा फॉर्म इथल्या शाळेतून भरला हाये, परीक्षेले दीड महिना राहिला. तिले घेऊन कुठं जाऊ?" मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन लिहिलं व तू हे? मले एक शब्द विचारला असता."

माझ्याकडे नुसती कायद्याची कलमं होती.

भिशीची सगळी सूत्रं पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंकडे होती. त्या साठीच्या. जन्म नारायण पेठेत गेलेला, नोकरी बँकेत रोखपालाची, आणि मुलाबरोबर इथे राहायला येऊन पाच वर्षं झाली तरी वाघोलीला 'बाहेरगाव' म्हणायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले.

"या लेखिकाबाई. आज कोणाची बाजू घेतलीत?"

"मावशी, त्यांचा नंबर काढून घेऊ नका."

"काढलेला नाही. मागे ठेवलाय. मेमध्ये मिळेल."

"मेपर्यंत त्यांचं घर राहणार नाही. पंधरा तारखेची मुदत आहे. मुलीची परीक्षा बुडेल."

"हे पत्रकात नव्हतं."

"मला माहीत नव्हतं."

"अच्छा. एका भिंतीपलीकडे राहता आणि माहीत नव्हतं. छापायला मात्र एकशे वीस प्रती."

मी म्हणाले, मी जामीन राहते. हप्ता चुकला तर मी भरीन.

"आपला करार कधी संपतो?"

"एप्रिलमध्ये."

"भाडेकरूला भाडेकरू जामीन. छान. जाताना दोघी मिळून एकच टेम्पो करा, स्वस्त पडेल."

मी उठले. त्या काळात कोणी असं बोललं की मी भांडायचे, आणि बहुतेक वेळा माझं बरोबरही असायचं. त्या दिवशी भांडण तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं, कारण भांडून जिंकले असते तरी काकूंना मे महिनाच मिळाला असता.

मावशींनी मला पुन्हा बसवलं. "हे बघा. यात अशी एक बाई आहे, जिच्या नवऱ्याला ती भिशी लावते हेच माहीत नाही. दुसरीचे सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी आहेत. यांचे पैसे बुडाले तर कोणी पिवळा कागद काढणार नाही. मी काय सांगू त्यांना?" मग म्हणाल्या, "दहा तारखेला त्यांना इथे येऊन बोलू दे. स्वतः. सगळ्यांसमोर. किती थकलंय, का थकलंय. आणि तुम्हीही या. लिहिलंत ना, आता ऐका."

काकू तयार होईनात. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निरोप मी मुलीकडून दिला, तिच्याकडूनच नकार आला. पाचव्या दिवशी दार वाजलं. काकू इस्त्रीची साडी नेसून उभ्या होत्या. दहा तारीख होती.

"चाल," त्या म्हणाल्या. "पण तू एक शब्द बोलू नको."

मावशींच्या हॉलमध्ये सतरंजी घातली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात पोह्यांच्या बश्या. आम्ही आत गेल्यावर चमच्यांचा आवाज थांबला. कोणीतरी माझ्याकडे बघून शेजारणीला हळूच म्हणालं, "आल्या पत्रकार." मी दाराजवळ बसले.

काकू बसल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मी लबाड बोलली," त्या म्हणाल्या. "क्लासची फी नव्हती. भाडं थकलं. तीन महिन्याचं, बेचाळीस हजार. माह्या नवऱ्याचं काम सुटलं सप्टेंबरात. हे म्या कोणाले सांगतलं नाही, कारण सांगतलं असतं तर तुमी आज जे केलं तेच तवा केलं असतं." त्या मावशींकडे वळल्या. "आता एक विचारते. सात महिने झाले. माहा एक हप्ता उशिरा आला असन तर सांगा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, कोणताही. वही काढा."

मावशींनी वही काढली नाही. त्यांना पाठ होतं.

मग ब्लाउज शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "द्या हो मावशी. आमचंही गेल्या वर्षी..." आणि तेवढ्यावरच थांबून त्यांनी बशीतला शेंगदाणा बोटाने बाजूला केला. पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. पण त्या खोलीत ते पुढचं वाक्य किती जणींकडे होतं ते मला दिसलं. जवळजवळ सगळ्यांचे डोळे एकाच वेळी बशीत गेले होते.

"माझं काही म्हणणं नाही," दुसरी एक म्हणाली, "पण पैसे हातात नको."

काकूंनी खोचलेला पदर सोडला. मला वाटलं, आता त्या निघून जातील.

"चालन," त्या म्हणाल्या.

मावशींनी तिथेच मालकाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "नमस्कार. आपलं बेचाळीस हजार भाडं आणि जानेवारीचे चौदा. आत्ता पाठवतेय. मिळाले की 'मिळाले' असं मराठीत लिहून पाठवा, अंगठा नको. आणि हे कुटुंब करार संपेपर्यंत राहील, तेही त्यातच लिहा."

"मॅडम, मी काय सावकार नाही हो," पलीकडून आवाज आला. "माझाही हप्ता जातो बँकेत. ते पत्रक माझ्या ऑफिसमध्ये फिरतंय. मार्चएन्डला ॲग्रीमेंट संपतं, तोपर्यंत राहू दे. रिन्यू मात्र नाही करणार. सॉरी."

"सॉरी कशाला," मावशी म्हणाल्या, "आपण सवड दिलीत. कुलूप घालून का होईना."

उरलेले चार हजार त्यांनी पाकिटात घालून काकूंच्या हातात दिले. काकूंनी ते सगळ्यांसमोर मोजले. मग खाली बसल्या आणि त्यांनी पोहे मागून घेतले.

मालकाचं चुकलंच होतं, ते मी आजही म्हणते, आणि पत्रकामुळे कुलूप निघालं हेही खरं. पण माझ्या पहिल्या दोन ओळींत मी जो माणूस उभा केला होता तो बिचारा होता. त्याच्याकडे नुसतं दुःख होतं. ज्या बाईवर मी लिहिलं तिच्याकडे मात्र एक बेत होता, तीन महिने घट्ट धरून ठेवलेला. थकलेला भाडेकरू काहीतरी करतच असतो, कोणाला न कळू देता. त्याचं थकणं आपल्याला दिसतं, ते करणं दिसत नाही. न दिसू देणं हाच त्या बेताचा अर्धा भाग असतो, आणि मी नेमका तोच दाराखालून सरकवला होता.

मुलीची परीक्षा झाली. सगळे पेपर इथूनच दिले. फेब्रुवारीपासूनचं भाडं दर महिन्याला गोळा करताना त्या घरात काय काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि वेळेवर गेलं एवढं कळलं.

मार्च संपता संपता त्यांना लोहगावच्या रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या. सामान बांधायच्या आदल्या दिवशी एजंट ठशांचं मशीन आणि कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे आला, घरबसल्या करार नोंदवायला. काकूंनी मला बोलावलं.

"हे वाचून दे," लॅपटॉपकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "नुसतं वाच. लिहू नको काही."

एजंट घड्याळ बघत होता. "काकू, सगळं स्टँडर्ड आहे, सगळेच करतात. इथे अंगठा ठेवा."

"तिले वाचू दे," काकू म्हणाल्या.

मी सावकाश वाचायला लागले. नवव्या कलमाशी त्यांनी मला थांबवलं. भाडं एक महिना थकल्यास करार आपोआप रद्द समजण्यात येईल, असं ते होतं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग एजंटकडे वळल्या.

"एकाचे तीन करा."

"मालक ऐकायचे नाहीत, काकू."

"मंग लावा त्यांना फोन," काकू म्हणाल्या, आणि अंगठा पदराने पुसून मशीनपासून लांब, मांडीवर ठेवला.

शेवटी दोन महिन्यांवर जमलं.