शेवटच्या खोलीपर्यंत न पोचलेलं गरम पाणी

मंडळी, आज मन लागत नाहीये.

हिंगोलीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्याचं नळकाम मी आखलंय. पाइपात गार झालेलं पाणी परत गरम पाण्याच्या टाकीकडं नेणारी लाइन मालकानं खर्च नको म्हणून आराखड्यातून उडवली. म्हणाला, "नळ जरा सोडला की येतंय गरम."

आज तिथं गेलो. शेवटच्या खोलीत तांड्यावरची एक आजी आपल्या ओल्या बाळंतीण सुनेला गार पाण्यानं पुसून राहिली होती. सून कुडकुडत होती.

"आजी, नळ सोडून ठेवा. गरम येईल."

"बादली भरली, गारच निघालं. चांगलं पाणी मोरीत सोडू व्हय? आमच्याकडं पाण्याची लई तकलीफ हाय, बाबा."

वर गच्चीवर टाकी तापलेलीच होती.

सांगा, त्या माउलीला पाणी वाया घालवायला कोणत्या तोंडानं शिकवू?