वरमाईच्या डोक्यावरची झाल

निंबोळीच्या तेलाचा वास आला की अजून मी नाकाला रुमाल लावतो. आणि तेलापेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी येते.

बहिणीच्या पाठवणीला झाल लागणार होती. झाल म्हणजे वेळूची मोठी परडी. तिच्यात कणकेचे दिवे लावून ती आधी वरमाईच्या, मग सासरच्या एकेकाच्या डोक्याला टेकवायची आणि म्हणायचं, आमची लेक सांभाळा. आईनं ती महिनाभर आधीच आणली. बजाजनगरातल्या दोन खोल्यांत जागा कुठली, म्हणून मी ती प्लास्टिकात गुंडाळून मोरीशेजारी खोचली. लग्नाला आठवडा असताना सोडली तर आत पांढरी बुरशी, कडेनं काळे डाग आणि ओल्या पायमोज्यांचा वास.

"क्रांती चौकात जा अन् नवी घेऊन ये," आई म्हणाली.

पण मी कंपनीत नुकताच पर्मनंट झालेलो, मला सगळं कळत होतं. कडुलिंबाचा पाला उकळून त्यात ती तीन दिवस बुडवली. पाणी नासलं, वर हिरवट साय धरली, शेजारीण नाकाला पदर लावून जाऊ लागली. मग घासून वाळवली आणि वरून निंबोळीचं तेल चोपडलं. बोटभर पुरलं असतं, मी वाटीभर जिरवलं.

"आता बुरशी जन्मात यायची नाय," मी आईला सुनावलं.

पाठवणीच्या वेळी नवऱ्याकडची सोयगावची मंडळी ओळीनं बसली. वरमाईच्या डोक्यावर मी स्वतः झाल धरली. दिव्यांच्या उबेनं तेल सुटलं. कुजक्या लसणाच्या वासाची पिवळी धार बाईंच्या भांगातून कुंकवावर आणि तिथून नाकाच्या शेंड्यावर आली. त्यांना कोरडी ओकारी आली, त्यांनी पदरानं तोंड दाबलं. पुढं कुणीच डोकं पुढं केलं नाही. बहीण मान खाली घालून बसली होती.

वर्षानं तिच्याकडं गेलो. झाल गोठ्यात होती, शेण भरायला. आसपासचे वासे बुरशीनं काळे पडलेले, हिच्यावर मात्र ठिपका नाही. लाज वाटायच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची किळस अजून गेलेली नाही.

बहिणीनं ती भरलेली झाल उचलून डोक्यावर घेतली.

"सासूबाईनं पहिल्याच दिवशी हातात दिली, दादा. म्हणल्या, तुझ्या भावानं लई मेहनत घेतलीया, तूच वापर."

मी बाजूला झालो. ती जवळून गेली तेव्हा तिच्या केसांना तोच वास येत होता.