दुसरीची जागा

मला एखादी गोष्ट आवडली की घरच्यांची खैर नसते. त्या आठवड्यात एका अल्बमने मला झपाटलं होतं. जासईहून परतताना ऑफिसच्या बसमध्ये सहज सापडला. चार बायकांचा बँड, भाषा अनोळखी, गिटार जवळजवळ नाहीच. एक पत्र्याचा डबा बडवते, दुसरी नुसते हुंकार भरते. पहिल्याच गाण्याला अंगावर काटा आला आणि विचुंब्याला उतरायचं राहून गेलं.

चौथ्या गाण्यात मात्र गंमत होती. बाई एक ओळ म्हणते आणि थांबते. अगदी ओळीएवढाच वेळ. मग पुढची ओळ. मला वाटलं नेट गंडलंय. तीनदा डाउनलोड केलं, तरी तसंच. नवऱ्याने शेवटी हात जोडून इअरफोन पुढे केले.

मग रविवारी आत्याला गाठलं. आत्या आमच्या गावातली शेवटची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात तिचे धवले गाऊन झाल्याशिवाय हळद लागत नसे. तिची जोडीदारीण ओळ टाकून थांबायची, आत्या ती उचलायची. जोडीदारीण वारली त्या वर्षापासून आत्याने गाणं सोडलं. विचारलं की म्हणायची, "डीजे हाय ना आता." आणि शुक्रवारी माझ्या भाचीची हळद होती. आजी गाणार नसेल तर मला हळदच नको, असं ती हटून बसली होती. सगळ्यांनी विनवून झालं होतं. आत्या हलत नव्हती.

ती ओट्यावर सुक्या बोंबलांची मुंडकी मोडत होती. मी अल्बम लावला.

"ह्ये काय? भांडी पडली का?"

मला रागच आला. मी तडक चौथं गाणं लावलं. बाईने ओळ म्हटली, थांबली. मी समजवायला तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "हिची जोडीदारीण नाय आली वाटतं."

पुढच्या ओळीनंतर आत्याने मान वर न करता ती ओळ उचलली. चाल तिथली, शब्द आपल्या हळदीचे. पुन्हा बाई, पुन्हा आत्या. बोंबील हातातच राहिला. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मी तोंडावर हात दाबून बसले, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"परत लाव," आत्या म्हणाली. चार वेळा लावलं.

"हिला शुक्रवारी बोलव."

"आत्या, ती कुठली कोण! कशी येणार?"

"मग तू बस बाजूला."

"मला कुठे गाता येतं?"

"नाय येत, ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू नुसती ओळ टाक, आन थांब."