दत्तूभाऊंचं अखंड स्वागत

ईशाननं डोळे मिटले, पायाखालचं बटण दाबलं आणि नेमके तेव्हाच दत्तूभाऊ दारात येऊन उभे राहिले. मी मागे साउंडच्या टेबलावर होते आणि माझा हात चहाच्या कपावर होता. तो मिक्सरवर असता तरी काही फरक पडला नसता, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस समजावलं.

मी साउंड इंजिनिअर. आवाज नीट लागला तर कोणाला माझी आठवण येत नाही आणि स्पीकरनं शिट्टी मारली की अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडे बघतो. आमच्या घरचा कामशेतला मंडप-स्पीकरचा धंदा, त्यामुळे हळदी, जत्रा, शाळांची गॅदरिंग सगळं केलेलं. मळवलीत संकेतनं वडिलांच्या भाताच्या गोदामात लाइव्ह म्युझिकची जागा काढली, तेव्हा त्यानं मला बोलावलं. तिथे इंडिपेंडंट कलाकार येतात. म्हणजे स्वतःची गाणी स्वतः लिहायची, स्वतः गायची आणि गिटारही स्वतःच उचलून आणायची. लोक इतके शांत बसून ऐकतात की पहिल्या शोला मला वाटलं, कोणीतरी गेलंय.

आमची अडचण होती दत्तूभाऊ. माजी उपसरपंच, आणि गोदामाला लागून त्यांचा गोठा. ड्रम वाजले की म्हैस पान्हा सोडत नाही, अशी त्यांची तक्रार. ग्रामपंचायतीनं संकेतला सांगितलं होतं की शेजाऱ्याचं ना हरकत पत्र आणा, नाहीतर शो बंद. संकेतनं त्या गोदामापायी पुण्यातली नोकरी सोडली होती. बिचारा दोन महिने दत्तूभाऊंच्या ओसरीवर चहा पीत होता. शेवटी ते म्हणाले, "एकदा येऊन बघतो, मग ठरवतो."

म्हणून आम्ही मुद्दाम मुंबईचा ईशान बोलावला. एकटा मुलगा, एक गिटार, ड्रम नाही. रविवारी संध्याकाळी पाचचा शो. ईशाननं आपला रायडर आधीच पाठवला होता. रायडर म्हणजे कलाकाराला काय हवं, काय नको याची यादी. त्यात ठळक लिहिलं होतं: निवेदन नको, सत्कार नको, कार्यक्रम अखंड अनुभव आहे.

हे आम्ही सगळ्यांना सांगितलं, फक्त आबांना सांगायचं राहिलं. आबा म्हणजे संकेतचे वडील. गावातल्या प्रत्येक लग्नात माइक त्यांच्या हातात असतो. आमच्याकडे मानाचा पाहुणा आला की मंगलाष्टकं थांबवूनसुद्धा त्याचं नाव पुकारतात. नाही पुकारलं तर तो माणूस जेवायला थांबत नाही.

आता लूपर समजून घ्या. ही पायानं दाबायची छोटी पेटी. एकदा दाबली की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबली की रेकॉर्ड झालेला तुकडा गोल गोल वाजत राहतो. कलाकार त्यावर दुसरा थर चढवतो, मग तिसरा. चुकलं तर शेवटचा थर पुसता येतो. पहिला थर पुसायचा तर सगळंच बंद करावं लागतं. ईशानची गिटार आणि माइक दोन्ही त्या पेटीतून एकाच वायरनं माझ्याकडे येत होते.

तर ईशान डोळे मिटून पहिला थर वाजवत होता. दत्तूभाऊ दारात थांबले होते, कारण नाव पुकारल्याशिवाय ते पुढे येणार नव्हते. आबांनी ते पाहिलं, तरातरा स्टेजवर चढले आणि ईशानच्या कानाशी वाकून माइकमध्ये म्हणाले, "माजी उपसरपंच दत्तूभाऊ यांचं आगमन झालेलं आहे. त्यांचं सहर्ष स्वागत."

ईशान दचकला आणि सवयीनं त्याचा पाय बटणावर पडला. तुकडा गोल फिरायला लागला.

दत्तूभाऊंनी चारी दिशांना हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते पुढच्या खुर्चीत येऊन बसले, आणि त्यांचं आगमन झालेलं आहे असं स्पीकरनं पुन्हा जाहीर केलं. ते पुन्हा उठले आणि हात जोडले. पुन्हा टाळ्या.

चौथ्या आगमनाला ईशाननं बंद करायला पाय उचलला. आबा स्टेजच्या कडेवरून हळूच म्हणाले, "बंद करू नगा. पाव्हणं उभं हायेत."

संकेतनं मागून मला हात जोडले. मी मान हलवून ईशानला चालू ठेवायची खूण केली. माणसाचं नाव अर्ध्यात तोडायचं आणि वर त्याची सही मागायची, हे मावळात जमत नाही.

मग तो पोरगा वाजवत सुटला. स्वागतावर त्यानं गिटारचा दुसरा थर चढवला, त्यावर गुणगुणणं, त्यावर चुटक्या. खरं सांगते, त्यानं इतकं सुंदर वाजवलेलं मी परत ऐकलं नाही. पण दर फेरीला दत्तूभाऊ उठत होते. मुंबईहून आलेल्या मंडळींना वाटलं, हे गाण्यातच बसवलंय. तेही त्यांच्याबरोबर उठून नमस्कार करायला लागले. अख्खा हॉल उठबशा काढत होता. मी टेबलाखाली तोंड घालून हसत होते. दत्तूभाऊंनी मात्र गुडघ्यावर हात ठेवला होता, पण मान राखायला ते उठतच होते.

हे थांबवायचं तर रीतीनंच थांबवायला हवं होतं. मी दुसरा माइक घेऊन आबांकडे पळाले आणि कानात सांगितलं. आबांनी घसा साफ केला. "दत्तूभाऊंनी आता स्थानापन्न व्हावं, ही नम्र विनंती."

दत्तूभाऊ बसले. ईशाननं पेटी बंद केली. टाळ्या थांबेनात.

पत्रावर सही तिथेच झाली, माझ्या स्पीकरच्या खोक्यावर कागद ठेवून. म्हशीचा विषय निघाला नाही. "लय कार्यक्रमांना गेलो," दत्तूभाऊ घाम पुसत म्हणाले, "पण एवढा मान कुनी दिला न्हाई." ईशाननं रायडरमधली सत्काराची ओळ खोडली.

पुढच्या शोला पुण्याचा बँड होता, लूपर नव्हता. शहाणपण शिकून आम्ही दत्तूभाऊंचं स्वागत आधीच उरकलं. ते उठले, हात जोडले, बसले. आणि मग पूर्ण शोभर खुर्चीच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, उठायच्या तयारीत बसून राहिले.

शो संपल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "रेहाना, आज एकदाच?"

तेव्हापासून आबांच्या आवाजातलं ते स्वागत माझ्या लॅपटॉपमध्ये सेव्ह आहे. ड्रमवाला बँड असला की मी ते मध्यंतरात तीनदा वाजवते. साउंड इंजिनिअरनं आवाज किती ठेवावा याची पुस्तकं मिळतात. मान किती वेळा द्यावा, ते शेजारी कोण राहतं त्यावर ठरतं.