घाट लाइनचा नकाशा

माझे बाबा, वाल्मीक रंगारी, वय बहात्तर, कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. सोसायटीच्या वॉचमनने "लिफ्ट ठीक हो गई" म्हटलं की ते मुद्दाम जिन्याने जातात. दूधवाल्यासमोर दूध हुंगतात. घरातल्या सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या, त्यामुळे गाझियाबादच्या आमच्याच फ्लॅटमध्ये कपाट उघडायचं तर त्यांच्यापुढे अर्जदारासारखं उभं राहावं लागतं. मला याचा राग येतो, आणि मी तो लपवत नाही.

या संशयाचा जन्म मात्र माझ्याबरोबरच झाला. एकाच आठवड्यात, १९९० साली.

बाबा तेव्हा दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. जुने, जीर्ण नकाशे समोर ठेवून त्यांच्या नव्या प्रती काढायच्या, हे काम. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला शशिकांत निकम, साताऱ्याचे. दोघं एकत्र डबा खायचे. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात बाबांनी लहानपणी आमच्या जातीसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्यायलेला. शशिकांतकाका पहिल्याच दिवशी त्यांच्या डब्यातली भाजी न विचारता उचलून खाऊ लागले. बाबांना दिल्लीत तेवढा एकच मित्र मिळाला.

त्या वर्षी त्यांच्या टेबलावर घाट लाइनचा नकाशा आला. पानिपतपासून यमुनेच्या एका घाटापर्यंत अकरा मैलांची छोटी रेल्वे काढायची, होड्यांवरून उतरलेला माल थेट स्टेशनात आणायचा, अशी १८८६ सालची योजना. विलायतेत कंपनी निघाली, चार मैल मातीचा बांधही घातला गेला. मग दोन पावसाळ्यांत यमुना कूस बदलून लांब सरकली, घाट कोरडा पडला आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली. रुळाचा एक तुकडासुद्धा पडला नाही. उरला तो शेतांमधला बांध आणि हा एकच नकाशा.

एका शनिवारी दुपारी निरोप आला की माझ्या आईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलंय. बाबांनी घाईघाईने टेबल आवरलं, पिशवी उचलली आणि ते पळत सुटले. जाताना म्हणाले, "शशिकांत, नकाशा कपाटात ठेव."

सोमवारी कपाटात नकाशा नव्हता.

चौकशी बसली. सरकारी दस्तऐवज, त्याची दुसरी प्रत नाही, नोकरी जाण्याइतका मामला. शशिकांतकाका म्हणाले, "टेबलावर नकाशा नव्हताच. मला वाटलं, वाल्मीकनेच आत ठेवला." बाबा म्हणाले, "होता. मी डोळ्यांनी पाहिला." दोन आठवडे हे चाललं. मध्ये माझं नामकरण झालं. त्याला शशिकांतकाका आले, मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले आणि जेवण न करता निघून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जबाब फिरवला. "नकाशा मीच उचलला होता. कुठे ठेवला, आठवत नाही. चूक माझी."

बाबांना आणखी काय हवं होतं! आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, आणि आमच्या घरचं अन्नही त्याच्या घशाखाली उतरलं नाही. म्हणजे चोरच. बाबा सुटले. शशिकांतकाकांची बढती कायमची थांबली, बदली राजस्थानात झाली. चौतीस वर्षं बाबांनी त्यांचं नाव घेतलं ते फक्त शिवी देताना.

चौकशी संपल्यावर लगेचच बाबांनी वही लिहायला घेतली: घाट लाइनचा खरा इतिहास. त्यात नदी आपोआप सरकल्याचं त्यांना मुळीच मान्य नाही. "नदी सरकली म्हणे! कंपनीच्या साहेबांनी आधीच जमिनी विकून खाल्ल्या असतील." वर्षातून एकदा ते बसने पानिपतला जात, उरलेल्या बांधावर उभे राहत आणि आसपास प्लॉट पाहायला आलेल्या गाड्यांचे नंबर टिपून आणत. त्यांच्या मते शशिकांतकाकांनी नकाशा एखाद्या जमीन-दलालाला दिला होता आणि हे सगळं त्याच कटाचं पीक होतं. लहानपणी मला हे सगळं खरं वाटायचं. मोठी झाल्यावर कंटाळा आला. त्या नकाशापायी माझ्या लहानपणचा बाप चौकशीच्या कागदांत आणि त्या वहीतच बुडालेला होता, आणि मला मांडीवर घेतल्याची त्यांची एकही आठवण आईला सांगता येत नाही.

यंदा फेब्रुवारीत मला मुलगी झाली. आमच्यात बाळाला पहिलं नवं कापड घालत नाहीत. घरातल्या मोठ्यांचं वापरून मऊ झालेलं घालतात. आजीने, म्हणजे गंगुबाईने, नव्वदाव्या वर्षीही हट्ट धरला, "उन्नतीचं झबलं काढ माह्या ट्रंकेतून." उन्नती म्हणजे मी. ट्रंकेची चावीही अर्थात करगोट्याला. बाबांनी स्वतः ट्रंक उघडली, झबलं झटकलं, त्यात विंचूबिंचू नाही ना म्हणून उलटं केलं, आणि तसेच उभे राहिले.

झबल्याच्या आतल्या बाजूला लाल शाईची एक फिकट रेघ होती. ती शिवणीपाशी वळून काखेत शिरत होती. पाठीवर, बाहेरूनही दिसणारा एक बाण होता, उत्तर दिशेचा. त्याच्या खाली, उलट्या बाजूने दिसणारी, अर्धवट पुसलेली इंग्रजी अक्षरं. बाबांना ती वाचायची गरज नव्हती.

नकाशे ज्या कापडावर काढत ते खळ दिलेलं तलम सुती कापड असे. बाद झालेले तुकडे ड्राफ्ट्समन घरी आणत. बायका ते उकळून खळ आणि शाई काढत, आणि खाली लोण्यासारखं मऊ कापड हाती येई. त्या काळी दिल्लीतल्या कितीतरी ड्राफ्ट्समनांची पोरं नकाशांच्या झबल्यांत वाढली. त्या शनिवारी घाईत टेबल आवरताना बाबांनी बाद तुकड्यांबरोबर काय गुंडाळलं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"माय," बाबांनी विचारलं, "हे कापड कुठलं?"

"तुह्या पिशवीतलं," आजी म्हणाली. "मले काय माहीत? पांढरं दिसलं, उकळलं अन् शिवलं. तो बाण नाही गेला. म्हटलं राहू दे, फुलावाणी दिसते."

बाबा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "हे कुणाला बोलू नको. आता कोण विचारतंय?" तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "मी विचारतेय. एका माणसाचं आयुष्य गेलं, बाबा. तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते." ते चिडले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "चल. पण तो दार उघडणार नाही, बघ."

शशिकांतकाका निवृत्तीनंतर पहाडगंजला मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत राहतात, हे बाबांना बरोबर ठाऊक होतं. चोरावर नजर ठेवायची म्हणून त्यांनी पत्ता काढून ठेवला होता.

दार लगेच उघडलं. वाकलेले, हसरे काका. "अरे वाल्मीक! आणि ही उन्नती ना? या, या, आत या, दरवाजात काय उभे!"

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. नमस्कार नाही, काही नाही. खिशातून झबलं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, पालथं.

काकांनी चष्मा न लावताच त्याच्यावर हात फिरवला. "अच्छा. बाण अजून आहे का पाठीवर?"

मला आधी कळलं, बाबांना नंतर. माझ्या नामकरणाच्या दिवशी, मला मांडीवर घेऊन, काकांनी तो बाण पाहिला होता.

"तुला माहीत होतं," बाबा म्हणाले. आणि आयुष्यभराच्या सवयीने, त्याही क्षणी, डोळे बारीक करून, "मग बोलला का नाहीस? तुझा काय फायदा होता?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती, यार. घरात बारा दिवसांचं बाळ. माझ्यामागे कोण होतं?"

"मला तरी सांगायचं! नंतर! चौतीस वर्षांत एकदा!"

काका शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं, तर विश्वास ठेवला असतास?"

बाबांनी झबलं उचलून हातात घेतलं. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. "हो" म्हटलं असतं तर तिथे कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तूच तो चोरून माझ्या पोरीच्या अंगावर चढवलास, असं म्हणालो असतो."

आणि माझे बाबा दोन्ही हातांत झबलं धरून हुंदके देऊन रडले. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला म्हणाले, "बेटा, जरा चहा टाक. साखर वरच्या डब्यात आहे." मी चहा केला. बाबांनी तो न हुंगता प्यायला.