दुसरा फिशपाँड

"मिशी नाही, दाढी नाही, चाल मात्र ऐटीत;
नवरा हवा की नवरी हवी, सांगशील का भेटीत?"

पाठोपाठ माझं नाव. आडनावासकट. अख्खा हॉल फुटला. पोरांनी बाकं बडवली, मागून शिट्ट्या आल्या. "नवरी! नवरी!" पोरीही हसल्या, ओढणी तोंडाला लावून. माईकवर वृंदा होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आमच्या ठाण्याच्या कॉलेजात गॅदरिंगमधला फिशपाँडचा कार्यक्रम सगळ्यात लाडका. कुणीही कुणावरही दोन ओळी लिहायच्या, स्वतःचं नाव न घालता पेटीत टाकायच्या. ज्याच्यावर आल्या त्याने स्टेजवर जायचं, कमिटीने आणलेली गिफ्ट घ्यायची आणि हसायचं. हसला तो सुटला. नाही हसला त्याला वर्षभर सळो की पळो करून सोडायचे.

मी उठले. स्टेजपर्यंत कशी गेले, आठवत नाही. वृंदाने गिफ्ट पुढे केली. दाढीचा ब्रश आणि काळ्या कागदाची मिशी. ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

वृंदा डोंबिवलीची. वडील बँकेत साहेब, घरात पुस्तकांची कपाटं. मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. कबड्डी खेळायचे, केस बारीक कापायचे. माझ्या डब्यात सुकट असली की आजूबाजूची बाकं रिकामी व्हायची. वृंदा तेवढी बसायची. माझे उच्चार सुधारायची. मला ते प्रेम वाटायचं. आणि होतंही प्रेम, ते मी आज का नाकारू? तलावपाळीच्या कठड्यावर ओढणीखाली तिने माझा हात धरून ठेवलेला. "आपण दोघी नोकरी करू, एक खोली घेऊ," हे तीच म्हणालेली. मला तर एवढं मागायचंही धाडस नव्हतं. आमच्यासारख्यांना काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. शिव्या तेवढ्या ठाऊक होत्या.

माझा हात मिशीकडे गेला. सवयीने. मिळेल ते घ्यायची सवय. आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटीतले सगळे फिशपाँड कमिटी आधी वाचते. वाईट असतील ते फाडून टाकते. यंदा कमिटीत वृंदा होती. म्हणजे हा तिने आधीच वाचलेला होता. वाचून ठेवलेला होता. बाजारात जाऊन ही मिशी आणलेली होती.

मी हात मागे घेतला.

"मला नको."

पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "अगं, गंमत आहे ही. स्पोर्टिंगली घे ना."

"गंमत आहे तर तुम्ही घ्या, सर."

मी पायऱ्या उतरले. शूरबीर काही नव्हते मी. ह्या लोकांसमोर रडायचं नव्हतं, इतकंच.

वृंदा स्टेजमागे धावत आली. माझा दंड धरला.

"अगं, ऐकून तर घे. अजून एक आलेला. आपल्या दोघींवर. दोघींची नावं होती. तलावपाळी, ओढणी, सगळं. कुणीतरी पाहिलंय आपल्याला. तो मी फाडला. पण पोरं कुजबुजायला लागलेली. मी हा वाचला म्हणजे माझ्यावर कुणाला संशय येणार नाही, म्हणून..."

मी दंड सोडवून घेतला.

"माझ्या घरी कळलं तर बाबा मला कॉलेजातून काढतील. लग्न लावून देतील. तुझं काय, तुमच्यात कोण एवढं बघतं? तुला सवय आहे. तू सहन करशील."

बाबांची भीती खरी होती. मला ती कळली. पण 'तुला सवय आहे' हे ती इतक्या सहज बोलली, जसं मासळीला वास येतो म्हणावं. इतके महिने शेजारी बसून तिने माझं हेच ओळखलेलं. पडेल ते सोसणारी.

"तोच वाचायचा होतास," मी म्हणाले. "तो तरी खरा होता."

ती रडायला लागली. तिचे डोळे पुसायला माझा हात उठला. मी तो खाली घेतला. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच. स्टेजवरचं काहीच नाही.

घरी आईने कोलंबीचं कालवण वाढलं. मी ताट तसंच सरकवलं. "कोनी काय बोलला का गो तुला?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. किती तरी दिवस मी अशीच मान हलवत राहिले. कॉलेज मात्र सोडलं नाही. वृंदा माझ्या शेजारी येऊन बसली की मी उठून दुसरीकडे बसायचे. तिकडे माझे डोळे भरायचे. भरू दिले. पदवीनंतर तिचं लग्न झालं. पत्रिका आली नाही, आणि आली नाही याचंही वाईट वाटलं.

पुढे काही वर्षांनी दिवा स्टेशनजवळ एका भाड्याच्या खोलीत आमच्यासारख्या काही जणी रविवारी दुपारी जमायला लागल्या. कुणी नर्स, कुणी शिकणाऱ्या पोरी. पहिल्या दिवशीच एकीने समजावलं, "इथे खरं नाव सांगायचं नसतं. एखादं ठेवून घे."

तिची भीती मला माहीत होती. तरी मी खरं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. कोळीवाडा सांगितला.

ज्यांना लपायचंय त्यांनी लपावं, मी कुणाला उघडं पाडणार नाही. पण कुणाला लपता यावं म्हणून यापुढे मला पुढे करायचं नाही. मी सहन करणार नाही. सवय मोडली.