नरहरपंतांचा देखणा टाइप

हिंगणघाटच्या छापखान्याचे मालक नरहरपंत स्वतःला कलावंत समजत. गाव त्यांना काय समजे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांच्याकडे जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, हे माझं काम. आठ वर्षं त्यांची कला मी जवळून सोसली.

बावन्न साली पंत मुंबईहून नवा टाइप घेऊन आले. उभे दांडे जाड, आडव्या रेघा आणि मात्रा केसाएवढ्या बारीक. खोटं कशाला बोलू, टाइप देखणा होता. गुळगुळीत कागदावर, मोठ्या आकारात वधूवरांची नावं छापली की बघत राहावंसं वाटे. लग्नपत्रिका, मानपत्र, फार तर पुस्तकाचं मुखपृष्ठ, एवढंच त्याचं काम. पण पंतांना टेंभा मिरवायचा होता. सरकीच्या जाहिराती आणि जिनिंगच्या नोटिसाही ते त्यातच छापू लागले. खरबरीत कागदावर बारीक रेघा उठत नसत, नुसते दांडे उरत, कुंपणासारखे. गिऱ्हाईक कुरकुरलं की पंत म्हणत, याला दृष्टी लागते. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

पंचावन्नच्या हिवाळ्यात अल्लीपूरच्या देवकाबाई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ हरिदास डोक्यानं अधू होता, त्याला स्वतःचं नावगावही सांगता येत नसे. कुणाच्या तरी कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, बसून तो हिंगणघाटला आला आणि बाजारात हरवला. बाईंना भिंतींवर चिकटवायला त्याचं नाव आणि वर्णन छापलेली पत्रकं हवी होती.

मी जुन्या ठसठशीत टाइपाला हात घातला. पंतांनी अडवलं. पत्रक गावभर लागणार, लोक आपलं काम पाहतील, नव्यात लाव, म्हणाले. स्वस्तातल्या खरबरीत बदामी कागदावर ते उठणार नाही, असं मी सांगून पाहिलं.

"तू जुळारी आहेस, जुळारीच राहा," पंत म्हणाले.

मी राहिलो. पंतांनी आधी एक प्रत स्वतःसाठी गुळगुळीत आर्ट पेपरवर काढली, मग दोनशे बदामीवर. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी गठ्ठा कपाळाला लावला आणि नेला.

आठवड्यानं त्या परत आल्या. सोबत एका जिनिंग कारखान्याचा चौकीदार रूपराव होता. एक मुका-मुका माणूस दोन दिवस त्याच्या फाटकाशी बसला होता. रूपरावनं त्याला भाकर दिली. तिसऱ्या दिवशी तो हैदराबादकडे जाणाऱ्या एका ट्रकात चढून गेला. पत्रक त्याच फाटकाच्या भिंतीवर होतं.

"चार बुकं शिकलो मी," रूपराव म्हणाला. "दोन दिवस पाह्यला तो कागद. नुसते दांडे दिसत होते. वाचता आलं असतं त जाऊ देलं असतं काय त्याले?"

शाई कमी लावलीस, म्हणत पंतांनी सगळ्यांदेखत मलाच झापलं. असा हा कलावंत.

आर्ट पेपरवरची ती प्रत त्यांनी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगली होती, गिऱ्हाइकांना दाखवायला. देवकाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या हरिदासचं नाव हाय का याच्यात?"

आहे, मी म्हटलं.

"वाचता येते?"

येतं, बाई. अगदी स्वच्छ.

"मंग हाच काऊन नाई लावला भिंतीले?"

पंतांनी प्रुफात डोकं घातलं. खिळे मी लावले होते, मीही घातलं.